भंगारातली मोटर, पावसाळ्यातला वारा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा कोल्हापूर शहराचा काही भाग आणि नदीकाठची अनेक गावे विजेविना राहिली. अशा दिवसांत घराला फ्रिज किंवा मिक्सर आठवत नाही. हवे असतात दोन-चार दिवे आणि चार्ज असलेला फोन. एरवी एवढी वीज सौर पॅनेल सहज देते. पण ढग हटत नसतील तर त्याचे उत्पादन बरेच घसरते. नेमका याच काळात मोसमी वारा जोरात असतो.

म्हणून भंगारातल्या मोटरीपासून छोटी पवनचक्की बनवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. ऑइल इंजिने आणि फाउंड्रीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात तो येणे साहजिकच आहे. लेथ, वेल्डिंग, मोटर रिवायंडिंग ही सारी कामे उद्यमनगरात होतात. अडते ते कारागिरीपाशी नाही. मोटर कोणती घ्यावी आणि वाऱ्याकडून किती अपेक्षा ठेवावी, या दोन प्रश्नांपाशी अडते.

जुनी कल्पना, नवे भंगार

वाऱ्यापासून वीज ही सुरुवातीपासून घरगुती खटपटच होती. १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी कापडी पात्यांची पवनचक्की उभारली आणि बॅटऱ्या भरून आपल्या सुटीतल्या घरात दिवे लावले. २००२ मध्ये आफ्रिकेतील मलावी देशात दुष्काळामुळे फी भरता न आल्याने विल्यम काम्क्वांबा या १४ वर्षांच्या मुलाची शाळा सुटली. त्याने वाचनालयातील पुस्तकातली चित्रे पाहून ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनॅमो, प्लॅस्टिकचे पाइप आणि लाकडी खांब यांतून पवनचक्की केली. आधी घरात दिवा लागला, मग शेजारी फोन चार्ज करायला येऊ लागले.

मोटर पारखायची कशी?

मोटरीला वीज दिली की ती फिरते. काही मोटरी हाताने किंवा वाऱ्याने फिरवल्या तर वीज देतात. त्यासाठी आत कायमचे चुंबक असावे लागते. चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांसमोर फिरले की तारेत वीज निर्माण होते. जुना छताचा पंखा किंवा विहिरीवरची नेहमीची मोटर यांत असे चुंबक नसते. ती नुसती फिरवून उपयोग नाही. गाडीच्या अल्टरनेटरला आधी बॅटरीतून वीज द्यावी लागते, शिवाय त्याला फेरेही फार लागतात. छोट्या पवनचक्कीला तो सोयीचा नाही.

उपयोगी पडतात त्या ट्रेडमिलच्या डीसी मोटरी, ई-स्कूटरच्या चाकातल्या हब मोटरी आणि बीएलडीसी पंख्याच्या मोटरी. दुकानातच सोपी चाचणी करता येते. मोटरीच्या तारा मोकळ्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवावा, मग तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवावा. दुसऱ्या वेळी शाफ्ट स्पष्टपणे जड लागला तर आत चुंबक आहे आणि वेटोळे शाबूत आहे.

नंतर पाटी वाचावी. डीसी मोटरीवर १८० व्होल्ट आणि मिनिटाला ४,००० फेरे असे लिहिले असेल, तर ४०० फेऱ्यांना ती साधारण १८ व्होल्ट देईल. १२ व्होल्टची बॅटरी भरायला ते पुरेसे आहे. पण २४ व्होल्ट आणि ३,००० फेऱ्यांची मोटर ४०० फेऱ्यांना जेमतेम ३ व्होल्ट देते. आकाराने मोठी दिसली तरी ती घेऊ नये. हब मोटरीतून तीन तारांची एसी वीज येते, तिच्यासाठी रेक्टिफायर लावावा लागतो. डीसी मोटरीला डायोड हवाच. नाहीतर वारा पडल्यावर बॅटरीच मोटर फिरवत बसेल आणि पवनचक्कीचा पंखा होईल.

वाऱ्याचा हिशेब

मोटर कितीही चांगली असली तरी वीज ठरते ती पात्यांच्या घेरावर आणि वाऱ्याच्या वेगावर. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते. त्यातलीही जास्तीत जास्त ५९ टक्के शक्ती पात्यांना घेता येते. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिली. घरी केलेल्या यंत्राला सगळी गळती धरून पाव हिस्सा मिळाला तरी उत्तम.

पात्यांच्या फेऱ्याचा व्यास दीड मीटर धरू. सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात, म्हणजे पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतात तेव्हा, हाती सुमारे १७ वॅट येतात. वेग ८ मीटर झाला, लहान झाडे डोलू लागली, की तेच यंत्र १३५ वॅटपर्यंत जाते. ४ मीटरचा वारा दहा तास टिकला तर साधारण १७० वॅट-तास जमतात. त्यावर ५ वॅटचे चार दिवे पाच तास चालतात आणि चार-पाच फोन चार्ज होतात. पूरकाळात हे थोडे नाही. पण महिन्याचे बिल यातून कमी होणार नाही.

शहरात इमारतींमुळे वारा अडतो, घुसळतो. गच्चीवर तो अंगाला जाणवतो, पण पात्यांना धड दिशा मिळत नाही आणि घरभर कंप जातो तो वेगळाच. शंभर मीटरच्या परिसरातील झाडे आणि घरे यांच्यापेक्षा दहा मीटर उंच खांब, हा जगभर पाळला जाणारा ठोकताळा आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्यांची रांग आहे, ती याच कारणाने. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडचे उघडे माळ आणि डोंगरकडे त्यातल्या त्यात योग्य. खर्च करण्यापूर्वी हातातल्या वेगमापकाने एक पावसाळाभर नोंदी ठेवाव्यात.

खरा धोका कुठे?

दीड मीटरच्या चक्रीच्या पात्यांची टोके ८ मीटर वाऱ्यात ताशी १७० किलोमीटरच्या आसपास धावतात. पाते सुटले तर ते जीवघेणे ठरते. चक्री घर, रस्ता आणि गोठा यांच्यापासून दूर असावी. वादळात तिने वाऱ्याकडे पाठ फिरवावी यासाठी मोडती शेपूट हवी. थांबवण्यासाठी मोटरीच्या तारा एकमेकींना जोडणारा स्विच लागतो. तो वारा मंद असतानाच वापरावा.

सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे सौर पॅनेलचा साधा चार्ज कंट्रोलर जोडणे. बॅटरी भरली की तो पॅनेल तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही. पवनचक्कीवरचा भार मात्र सुटतो आणि ती बेफाम फिरते. म्हणून जादा वीज हीटरच्या कॉइलसारख्या भारात जिरवणारा कंट्रोलर लागतो.

लेड-ॲसिड बॅटरी भरताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडते. ती झोपायच्या खोलीत नको, हवेशीर आणि पुराच्या पातळीच्या वर हवी; तिच्या तारेला फ्यूज हवा. वळवाच्या विजा लक्षात घेऊन खांबाला अर्थिंग करावे. खांब आडवा झाला तरी महावितरणच्या तारांना लागणार नाही एवढे अंतर ठेवावे. आणि ही वीज घराच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये कधीही सोडू नये. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. दिव्यांसाठी १२ व्होल्टची वेगळी वायर टाकावी.

ज्याला फक्त वीज हवी आहे त्याने आधी सौर पॅनेल घ्यावे. त्यात फिरणारे, झिजणारे काही नसते. ज्याचे शेत उघड्या माळावर आहे, ज्याला बेअरिंग बदलणे आणि बोल्ट आवळणे जमते, त्याने पॅनेलच्या जोडीला चक्री लावावी. आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, तेव्हा त्याच बॅटरीत थोडी भर वाराही घालेल.