मोठ्या कॅमेऱ्यातील उजेडाचे गणित

चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंची फिल्मचा एकेक ताव घालून छायाचित्रे घेणारी मंडळी आजही आहेत. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न कलेचा नसतो, उजेडाचा असतो. ताव महाग, आणि धुतल्याखेरीज त्यावर काय उमटले ते कळत नाही. मग आधी खात्री कशी करून घ्यावयाची?

काही दशके याला एक सोपे उत्तर होते. पोलरॉइडची फिल्म कॅमेऱ्याच्या पाठीला लावली की थोड्याच वेळात चित्र हातात येई. पोलरॉइडने २००८ साली इन्स्टंट फिल्म बंद करण्याची घोषणा केली, २०१६ साली फुजीनेही एफपी-१०० सी बंद केली, आणि हा आधार दुर्मिळ झाला. याचे दुःख करणारे एक गोष्ट विसरतात. ते चित्र निराळ्या फिल्मवरचे असे. निगेटिव्हच्या सावल्यांत काय उतरले, हे त्यावरून पुरते कळतच नसे.

पुढे पोलरॉइडचेच सल्लागार झालेले अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची एक हकिगत येथे उपयोगी पडेल. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला, खाली दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचे ऊन. प्रकाशमापक काही सापडेना. परंतु चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटास २५० कँडल, हे त्यांना पाठ होते. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एफ ३२ वर एक सेकंद दिला. दुसऱ्या तावासाठी होल्डर उलटा करीपर्यंत ऊन गेले होते! चंद्र बरोबर आला. पण सावलीतल्या जमिनीचे मोजमाप झालेलेच नव्हते. ती निगेटिव्हवर इतकी विरळ उतरली की १९४८ साली तो भाग रसायनाने गडद करावा लागला.

म्हणून कृष्णधवल निगेटिव्हसाठी आधी सावली मोजावी. ज्या काळोख्या भागात तपशील हवा, त्यावर मापक धरावा. मापक प्रत्येक वस्तू मध्यम करडी समजतो. तेव्हा तो सांगेल त्याच्या चौथा हिस्साच उजेड द्यावा, म्हणजे सावली सावलीच राहते. पारदर्शिकेचे उलट आहे: तेथे उजळ भाग सांभाळावा लागतो.

खिशातला डिजिटल कॅमेरा मापक म्हणून खुशाल वापरावा. मात्र त्याला आपल्या भात्याची कल्पना नसते. १५० मिलिमीटरच्या भिंगाने जवळची वस्तू टिपताना भाता ३०० मिलिमीटरपर्यंत ताणला, तर उजेड चौपट द्यावा लागतो. शिवाय एक्स्पोजर कित्येक सेकंदांचे असेल तर फिल्म मंदावते. तिच्या कोष्टकाप्रमाणे वेळ आणखी वाढवावी.

वस्तू स्थिर असेल तर एका तावातच परीक्षा घेता येते. होल्डरची डार्क स्लाइड पूर्ण काढून एक सेकंद द्यावा. मग ती पावभर आत सारून पुन्हा एक, आणखी पावभर सारून दोन, शेवटी आणखी पावभर सारून चार. धुतल्यावर एक, दोन, चार आणि आठ सेकंदांचे चार पट्टे शेजारी शेजारी दिसतात. स्लाइड सारताना कॅमेरा हलता कामा नये. हात हलका हवा.

दृश्य थांबणारे नसेल तर दोन ताव सारख्याच एक्स्पोजरने घ्यावेत आणि आधी एकच धुवावा. आकाश फार दाट आले तर दुसरा कमी वेळ धुवावा, चित्र मवाळ आले तर जास्त वेळ. एवढी सवलत दुसऱ्या तावाला आहे. पण पहिल्यावर सावल्या कोऱ्याच असतील, तर दुसऱ्यावरही त्या कोऱ्याच असणार. जो उजेड फिल्मपर्यंत पोचलाच नाही तो रसायनाने आणता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा निगेटिव्हला थोडा उजेड अधिकच द्यावा.