खासगी कॉलेजात सॉफ्टवेअर शिकवायचं का? फी भरण्याआधी घरात करायचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की मालवण, बांदा, सावंतवाडी, विजयदुर्ग अशा सगळीकडून पालक आम्हां शिक्षकांना एकच सवाल विचारतात, "सर, पोराला कॉम्प्युटरला घालू का?" घालायला हरकत नाही. पण कुठल्या कॉलेजात, किती पैसे देऊन आणि कुठल्या वाटेने, हे आधी ठरवावं लागतं. अब्बांची दोहा-कुवेतची कमाई, बोटीचा हिस्सा किंवा अम्मीच्या बांगड्या, यांतूनच ही फी जाते.

आधी मिळकतीचं बोलू. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्या इंजिनिअरचा साधा पगार कितीतरी वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलाय. म्हणजे हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आगेमागे, आणि त्यातून पुण्याच्या किंवा नवी मुंबईच्या खोलीचं भाडं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. एआयमुळे साधा कोड लिहिण्याचं काम आता मशीनही करू लागलंय. म्हणून हे क्षेत्र संपलं असं आम्ही म्हणणार नाही. पण "डिग्री घेतली की नोकरी" हा जमाना गेला, हे मात्र खरं.

आता खर्च. समजा, खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी वर्षाला दीड लाख आणि होस्टेल-मेस ऐंशी हजार. चार वर्षांचे झाले नऊ लाख वीस हजार. अकरावी-बारावीचे क्लास वेगळेच. हे पैसे पंचवीस हजारांच्या पगारातून कधी फिटणार? कर्ज काढून शिकवायचं असेल तर हा हिशेब कागदावर मांडाच. व्याजाचा मसला ज्यांच्या मनाला लागतो, त्यांनी तर नक्कीच.

आमच्या जिल्ह्यात एक वाट आहे, तिच्याकडे लोक फार कमी बघतात. मालवणात कुंभारमाठला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीच्या मार्कांवर, सीईटीशिवाय तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो आणि सरकारी फी काही हजारांतच असते. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तेही डिप्लोमाच्या मार्कांवर. अकरावी-बारावी दोन आणि डिग्री चार, अशी सहा वर्षं. डिप्लोमा तीन आणि डिग्री तीन, तीही सहाच. वेळ तेवढाच, पण पहिली तीन वर्षं पोर घरचं जेवून शिकतं आणि खासगी फीचं एक वर्ष वाचतं. दुसरं म्हणजे, त्याला हे काम जमतंय की नाही, ते कमी पैशांत कळतं. पुढची डिग्री कणकवलीजवळ हरकुळ बुद्रुकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रत्नागिरीत किंवा मुंबईत करता येते.

मुंबईचं बोलायचं तर भायखळ्याचं साबू सिद्दीक आणि नवीन पनवेलचं काळसेकर ही अंजुमन-ए-इस्लामची कॉलेजं आहेत. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात आपल्या समाजासाठी राखीव जागा असतात. कॅपचा फॉर्म भरतानाच अल्पसंख्याक असल्याचं घोषणापत्र जोडावं लागतं. हा रकाना रिकामा सोडणारे पालक आम्हांला दर वर्षी भेटतात.

बीसीएचं थोडं वेगळं आहे. २०२४-२५ पासून हा कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि त्यासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. "परीक्षा नको, आमच्याकडे तसाच कोर्स आहे" असं कॉलेज म्हणालं, तर डिग्रीवर नेमकं कुठलं नाव छापून येणार आणि पुढे एमसीएला ते चालेल का, हे लेखी विचारा. बीएस्सी आयटी हा मुंबई विद्यापीठाचा जुना कोर्स आहे, खर्चही बेताचा. मात्र त्यानंतर दोन वर्षांचं एमसीए धरूनच चला.

मुलींच्या बाबतीत तर घाई नकोच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी नाही, आणि खासगी विद्यापीठांतही नाही. आपल्यातल्या तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्या ओबीसीत येतात. बाकीच्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो का, ते तहसील कचेरीत पाहावं. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट बघत बसू नका.

एजंट आला तर काय करायचं? सीट "बुक" करायला रोख मागणाऱ्याला दारातूनच सलाम करा. कॅपिटेशन फीवर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. इंजिनिअरिंग कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर पावती मागा. मूळ दाखले कॉलेजने अडवून ठेवायचे नाहीत, असाही नियम आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा बोर्डावरच्या "सर्वात मोठ्या पॅकेज"कडे बघू नका. वर्गात किती होते, कितींना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे विचारा. लॅबमध्ये जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांनी स्वतः बनवलेलं काही दाखवायला सांगा. कॅन्टीनमधली पोरं ऑफिसपेक्षा खरं बोलतात, हा आमचा अनुभव.

आणि फी भरण्याआधी दोन-तीन महिने पोराची परीक्षा घरीच घ्या. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे प्रोग्रामिंगचे कोर्स फुकट शिकता येतात, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेचे. शिकवणं बहुतेक इंग्रजीत असतं. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्यांदा अडखळायला होतं, पण तीच अडचण पुढे कॉलेजातही येणार आहे. तेव्हा ती आत्ताच कळलेली बरी. मोबाईलवर भागणार नाही, एखादा जुना लॅपटॉप लागेल. रोज तासभर स्वतःहून बसतो का, एरर आल्यावर चिडून उठतो की शोधत राहतो, एवढं अम्मीने स्वयंपाकघरातून बघितलं तरी पुरे.