पोलादावरील नक्षी : जुन्या रिव्हॉल्व्हरांची पारख

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत माहुली, सिद्धगड, गोरखगड असे किल्ले उभे आहेत. त्यामुळें येथें एखाद्या जुन्या शस्त्राची गोष्ट निघाली, कीं ती पाहतां पाहतां किल्ल्यावर जाऊन पोहोंचते. शस्त्राविषयींचा हा आदर योग्यच आहे. खंडेनवमीस आपण त्याची पूजाहि करतों. परंतु पूजा निराळी आणि पारख निराळी. निष्णात कारागिरांनीं नक्षी कोरलेलीं जुनीं रिव्हॉल्व्हरें संग्रहीं ठेवण्याचा छंद सर्वस्वीं या पारखेवर अवलंबून आहे. तिचीं चार सूत्रें आज सांगावयाचीं आहेत.

पहिलें सूत्र काळाच्या हिशेबाचें. मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यांत सांपडून शहाजीराजांनीं माहुलीवर तह केला, तो १६३६ सालीं. सॅम्युएल कोल्ट यानें आपल्या रिव्हॉल्व्हरचें अमेरिकेंत पेटंट घेतलें, तें १८३६ सालीं. मध्यें २०० वर्षें लोटलीं. पेशवाईहि १८१८ मध्येंच संपली होती. तेव्हां कोणी एखादें रिव्हॉल्व्हर पुढें करून तें 'माहुलीच्या वेढ्यांतलें' किंवा 'पेशव्यांच्या काळचें' म्हणून सांगूं लागला, तर त्याच्याशीं वाद घालण्याचेंहि कारण नाहीं. फिरत्या कोठीची कल्पना मात्र कोल्टहून जुनी आहे. तशा तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानांतहि घडल्या होत्या. घोडा मागें ओढतांच कोठी आपोआप फिरून नेमकी जागेवर बसावी, ही सोय कोल्टनें व्यवहारांत आणली.

दुसरें सूत्र हातकाम ओळखण्याचें. कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरच्या कोठीवर जहाजांच्या लढाईचें सुंदर चित्र दिसतें. १६ मे १८४३ रोजीं टेक्सासच्या आरमारानें मेक्सिकोच्या आरमाराशीं केलेली ती लढाई. नवखा मनुष्य हें चित्र पाहून हरखून जातो. परंतु ऑर्म्सबी नांवाच्या कारागिरानें तें एकदांच पोलादी ठशावर कोरलें होतें. पुढें तो ठसा दाबून प्रत्येक कोठीवर तेंच चित्र उमटविलें गेलें. खऱ्या हातकामाची रीत वेगळी. पोलाद मऊ असतांनाच कारागीर कलमानें वेल व पानें कोरतो, मधल्या जागेंत बारीक टिंबें मारून ती उठावदार करतो, आणि मग भाग कठीण केले जातात. अशा कामांत एक पान दुसऱ्यासारखें हुबेहूब येत नाहीं. कोल्टच्या कारखान्यासाठीं काम करणारा गुस्ताव यंग आणि न्यूयॉर्कचा निम्श्के हे या विद्येंतले थोर पुरुष. ते आपल्या कामावर क्वचितच नांव घालीत. म्हणून त्यांचें काम वेलीच्या वळणावरून ओळखावें लागतें. निम्श्केनें आपल्या नक्षीचे छाप कागदावर घेऊन ठेविले होते, ते आज जाणकारांस फार उपयोगी पडतात. कोल्टनें उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यास नजर केलेलें सोन्याच्या जडावाचें रिव्हॉल्व्हर हल्लीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे.

तिसरें सूत्र फसवणुकीपासून सावध राहण्याचें. साध्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर मागाहून नक्षी कोरून तें मोठ्या किमतीस विकण्याचा धंदा जुनाच आहे. अस्सल कामांत क्रमांकासाठीं व कारखान्याच्या ठशासाठीं जागा राखलेली असते. वेल जर अंकावरून चढलेली दिसली, तर शंका घ्यावी. शस्त्राबरोबर सांगितल्या जाणाऱ्या कथेचीहि हीच परीक्षा करावी. मुरबाड तालुक्यांत सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हे इंग्रजी अमलाच्या पोलिसांच्या गोळ्यांनीं धारातीर्थीं पडले. अशा प्रसंगाशीं एखाद्या शस्त्राचें नातें जोडावयाचें, तर त्यास लेखी पुरावा हवा. पुराव्यावांचून असें नातें सांगणें म्हणजे हुतात्म्यांच्या नांवावर व्यापार करणें होय.

चौथें सूत्र जतनाचें, आणि तेंच अधिक महत्त्वाचें आहे. कारण येथें नुकसान बहुधा भक्तीनेंच होतें. पूजेपूर्वीं शस्त्र लखलखीत व्हावें म्हणून चिंच, राख, विटकरीची भुकटी किंवा पॉलिश कागद यांनीं तें घासलें जातें. कोरलेली रेघ केसाएवढी बारीक. दोन-चार वर्षांच्या घासण्यानें तिची धार बोथट होते. आपल्याकडील कोफ्तगिरींत तर सोन्याची तार खरबरीत केलेल्या पोलादावर नुसती ठोकून बसविलेली असते. ती घासण्यानें निघूनच जाते. एकदां गेलेली रेघ परत येत नाहीं, आणि नव्यानें कोरली तर ती त्या कारागिराची राहत नाहीं. म्हणून मऊ कापड व पातळ तेलाचा हलका हात, एवढेंच करावें. कोंकणच्या पावसाळ्यांत शस्त्र चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये. चामडें ओल धरून पोलाद खातें.

आतां कायद्याविषयीं. शस्त्र जुनें आहे एवढ्यानें परवान्यांतून सुटका होत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें जुन्या घाटणीचें वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें शस्त्र, दुरुस्ती करूनहि चालण्याजोगें नसेल, तरच त्यास सूट आहे. आणि तें तसें आहे कीं नाहीं, हें आपण घरीं बसून ठरवूं नये. वाड्याच्या माळ्यावर असें कांहीं सांपडल्यास तें न उघडतां, न झाडतां, नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवावें. तें भरलेलेंहि असूं शकेल, हें ध्यानांत असावें. शंभर वर्षांहून जुनी वस्तु खासगी रीतीनें परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें मनाई आहे.

ज्यांस संग्रह परवडत नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. आसनगांवाहून किंवा कल्याणहून लोकल गाडीनें मुंबईस जाऊन छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील शस्त्रदालन पाहावें. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. केळकरांनीं सुमारें १९२० पासून एकेक वस्तु जमवीत तो संग्रह उभा केला. जमविणाऱ्याचा पैसा थोडा असला तरी चालतो. डोळा मात्र शिकलेला हवा. तो शिकला म्हणजे ज्या हातानें गोळी झाडली त्याच्याइतकाच, ज्या हातानें पान कोरलें त्याचाहि मान राखण्याची बुद्धि आपणांस होईल.