मूल सांभाळायचं ते काय शिकायचं?

‘अहो, दोन मुलं वाढवलीत मी! मूल सांभाळायचं ते काय शिकायचं?’

पाळणाघरात काम करणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षण वर्गात पहिल्या दिवशी कुणी ना कुणी हे विचारतंच. मला त्याचं हसू येत नाही. १९९४ साली शेजारच्या बालवाडीच्या बाईंनी असा वर्ग करायला सुचवलं, तेव्हा मीही त्यांना हेच ऐकवलं होतं.

डोंबिवलीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर होतं. सकाळची लोकल गाठायच्या घाईत आया झोपाळलेलं पोर माझ्या खांद्यावर टाकायच्या आणि फाटकाबाहेर पडायच्या. अकरा मुलं आणि आम्ही तिघी. मायेला कमी नव्हती. भात मऊ, दुपटी स्वच्छ. आणखी काय हवं?

एका दुपारी जेवणं आटोपली आणि दोन वर्षांचा एक मुलगा दिसेना. मला वाटलं होतं तो मदतनीस बाईंजवळ आहे. त्यांना वाटलं होतं माझ्याजवळ. तो न्हाणीघरात सापडला. अर्ध्या भरलेल्या बादलीच्या काठावर पोट टेकून, आत पडलेला पेला काढायला वाकलेला. पाय जमिनीवरून सुटलेले. मी मागून उचलला, तेव्हा कपाळावरचे केस तेवढे भिजले होते.

साधं खरचटलंही नव्हतं. सांगितलं नसतं तर त्याच्या आईला कधीच कळलं नसतं. संध्याकाळपर्यंत माझी घालमेल चालली होती, शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘काकू, मला उद्या रजा नाही. त्याला इथेच आणावं लागणार. उद्यापासून तुम्ही काय वेगळं कराल, तेवढं सांगा.’

‘जास्त लक्ष देऊ,’ एवढंच मला म्हणता आलं. त्या उत्तराची लाज वाटली, म्हणून मी वर्गाला नाव घातलं.

तिथल्या ताईंनी पहिलाच धडा दिला तो असा : एका मुलाकडे दहा मिनिटं पाहायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, ‘चंचल आहे, हट्टी आहे.’ ताई म्हणाल्या, ‘हे तुमचं मत झालं. दिसलं काय?’ मी पुन्हा बसले. मग दिसलं, की ते मूल वाटीतलं पाणी पेल्यात आणि पेल्यातलं वाटीत, असं एकसारखं करत होतं. भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. त्या वयात तोच अभ्यास असतो!

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बादली आली. दोन वर्षांच्या मुलाला पाण्याची ओढ असते. त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड, म्हणून तोल पुढे जातो. आणि बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. एवढं ठाऊक असलेल्या बाईला बादली आधी दिसते, मूल नंतर. मुलाची वाढ समजणं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पुढच्या घटकेला ते काय करेल, हे ओळखणं म्हणजे लक्ष.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर मुलाकडे पाहायला शिकवणारं कामच उभं केलं. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यांचीच. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं भाग पडलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही मिळाली. पण कायदा खोली देईल. त्या खोलीतल्या बाईला शिकवायचं कुणी, आणि शिकलेल्या बाईला पगार किती द्यायचा?

आपण पाळणाघर पाहायला जातो तेव्हा फी विचारतो, वेळ विचारतो, रंगवलेल्या भिंती पाहतो. एका बाईकडे किती मुलं, आणि ती काय शिकून आली आहे, हे विचारायला मात्र संकोचतो. विचारावं. चांगल्या बाईला त्याचा राग येत नाही.

त्या आईला मी महिन्याभरानं उत्तर दिलं. न्हाणीघराला वरून कडी लावली. बादल्या पालथ्या ठेवल्या. खाऊतले अख्खे शेंगदाणे बंद झाले, कारण ते घशात अडकतात. तान्ही बाळं उताणी निजू लागली. प्रत्येक मूल एकेका बाईच्या नावावर लावलं, कारण सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही. ती बाई उठली, की दुसरीला सांगूनच उठायची.

‘आणि याचं पाणी?’ तिनं विचारलं.

मी अंगणात बोट दाखवलं. उथळ परातीत चार बोटं पाणी, दोन पेले, आणि समोर पाटावर बसलेल्या मदतनीस बाई. तिचा मुलगा मन लावून पाणी ओतत होता. त्या दिवशी फाटकाबाहेर पडताना ती पहिल्यांदाच थांबून, मागे वळून हसली.