ऑर्किडचा फोटो टाका, पत्ता नको!

भारतात ऑर्किडच्या सुमारे साडेबाराशे जाती आहेत आणि त्यातल्या सहाशेच्या आसपास एकट्या अरुणाचल प्रदेशात सापडतात! तरीही तिथल्या दिबांग, अंजावकडची कित्येक जंगलं अजून नीट धुंडाळलेली नाहीत. कोकणात आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी आपली सीतेची वेणी तिथेही फुलते, ती अरुणाचलचं राज्यफूल आहे.

यातली बरीच ऑर्किडं उंच झाडांवर वाढतात. म्हणून सर्वेक्षणात वादळाने पडलेल्या फांद्या आवर्जून बघाव्यात. आश्रयवृक्ष, समुद्रसपाटीपासूनची उंची, फुलण्याचा महिना टिपायचा. फोटो मात्र फुलाच्या ओठाचा, म्हणजे त्याच्या वेगळ्या घडणीच्या पाकळीचा, हवाच, अगदी जवळून. त्यावरच्या रेषा, कंगोरे, लव यांवरून जात ओळखायला फार मदत होते.

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते जंगलात रुजतं. त्यामुळे जंगल तोडून ऑर्किड कुंडीत वाचवणं मला तरी संवर्धन वाटत नाही. अरुणाचलच्या वेस्ट कामेंगमध्ये सेस्साला खास ऑर्किडसाठी अभयारण्य आहे, ही वाट खरी.

ब्लू वांडा, स्लिपर ऑर्किड यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तरी चोरटे संग्राहक टपलेले असतात. फोटो टाकताना लोकेशन काढून टाका. जिल्ह्याचं नाव पुरे.