ताई, तुम्हीच ठरवा!



ठाणे-डोंबिवलीला पोळीभाजी केंद्रं नवीन नाहीत. पण रोज केंद्र चालवणं प्रत्येकीला जमत नाही. तिच्यासाठी आज दुसरी वाट सांगतो: महिन्यातून दोन रविवार, आगाऊ ऑर्डरचे मोजकेच डबे आणि जमलं तर दहा-बारा जणांची पंगत.

जपानमध्ये सुशी, म्हणजे व्हिनेगर लावलेला भात आणि बहुधा मासा, वाढणाऱ्या कसबी आचाऱ्यासमोर गिऱ्हाईक बसतं आणि म्हणतं, ‘ओमाकासे’. म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. त्या दिवशी जे उत्तम मिळालं, तेच आचारी एकेक करून वाढतो. आपल्याकडेही हे जमतं. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा पापलेटचा हट्ट कशाला? सुकट, सुके बोंबील आहेत. पहिल्या पावसात मुरबाड-शहापूरकडून शेवळं येतात, मग कंटोळी. शेवळं खाजरी असतात, म्हणून काकडं घालून नीट शिजवायची. हे ज्ञान आपल्या हातात आहे, त्याचेच पैसे घ्यायचे.

पण सोपवलं म्हणजे विश्वास टाकला. पहिल्या वेळी आमची चांगलीच फजिती झाली. पंधरा डबे झेपणार होते. ‘नाही’ म्हणवेना, अठ्ठावीस घेतले. सोलकढी दुपारभर ओट्यावर राहिली आणि नासली. आठ घरांचे पैसे परत केले. गटाच्या कर्जाचा त्या महिन्याचा हप्ता आम्ही घरखर्चातून भरला.

तेव्हापासून चार नियम केले.

एक, आधी हात मोजायचे, मग डबे. संख्या भरली की ऑर्डर बंद.

दोन, शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गरम ते ६० अंशांच्या वर, थंड ते ५ अंशांच्या खाली. भातातले काही जंतू शिजवूनही तग धरतात, म्हणून भात सर्वांत शेवटी.

तीन, कोलंबी, शेंगदाणे चालतात का, हे ऑर्डर घेतानाच विचारायचं.

चार, अन्नसुरक्षा नोंदणी आधी करायची. तिचा १४ अंकी क्रमांक डब्यावर छापायचा.

आता हिशेब. वीस डब्यांना सामान २,४०० रुपये, डबे ३००, गॅस आणि रिक्षा ३००. तिघींचे पाच-पाच तास, तासाला ६० रुपयांनी ९०० रुपये. एकूण ३,९००, म्हणजे डबा १९५ रुपयांना पडला. २४० ला विकला तर गटाकडे ९०० उरतात. मजुरी धरली नाही, तर डबा दीडशेत पडल्यासारखा वाटतो आणि आपण तो स्वस्तात देऊन बसतो. ती स्वस्ताई आपल्याच कमरेतून जाते.

तेव्हा मैत्रिणींनो, गिऱ्हाईक म्हणालं, ‘ताई, तुम्हीच ठरवा’, तर पदार्थ ठरवाच. पण किती करायचं आणि केवढ्याला द्यायचं, हेही आपणच ठरवू या.