रिकामा रकाना आणि बंद पडणारा नोड

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ साली सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीसाठी पॉलिगॉन ही ब्लॉकचेन वापरायला घेतली गेली. उद्या अशी सोय नांदेड-लातूरला आली, तर मोमीन, बागवान, तांबोळी घरांतल्या ओबीसी मुलांचे दाखलेही त्यात येतील. ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी पडताळणी अडकली तर काय होतं, हे आपल्या पालकांना सांगायला नको. म्हणून कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा विषय.

नोड म्हणजे ब्लॉकचेनची वही स्वतःकडे ठेवून तपासणारा कॉम्प्युटर. पॉलिगॉनचं ‘बोर’ हे नोड सॉफ्टवेअर गो भाषेत आहे, इथेरियमच्या ‘गेथ’वरून बनवलेलं. गो भाषेत ‘इथे काहीच नाही’ याला निल म्हणतात, जावात नल. आपल्याकडे शेख, सय्यद नावाआधी लागतं, त्यामुळे फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना कित्येकदा रिकामा राहतो. क्लार्क विचारून घेतो. प्रोग्राम विचारत नाही. नसलेल्या जागेवरून वाचायला जातो आणि अख्खा बंद पडतो. १२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउड जगभर अडखळलं, ते अशाच रिकाम्या रकान्यांमुळे.

नोडला अनोळखी नोडकडून सतत निरोप येतात. अर्धवट निरोप मुद्दाम पाठवणाराही कुणी असतोच. एकच सॉफ्टवेअर चालवणारे सगळे नोड मग एकाच निरोपाने पडू शकतात! नोंद पुसली जात नाही, पण पडताळणी थांबते.

उपाय दारातच करायचा. निरोप आत घेतानाच प्रत्येक आवश्यक भाग आहे का ते पाहायचं, नसेल तर एरर देऊन निरोप परत. रिकाम्या जागी गुपचूप शून्य भरण्याची सवय मात्र आम्हाला जास्त घातक वाटते. एका नोडने शून्य धरलं आणि दुसऱ्याने निरोप नाकारला, तर दोघांच्या वह्या वेगळ्या होतात. क्रॅश निदान दिसतो तरी. गो मधलं ‘रिकव्हर’ लावून क्रॅश झाकणंही तसंच, अर्धवट झालेलं काम आत तसंच राहतं.

मार्च २०२२ च्या गो १.१८ पासून फझ टेस्टिंग भाषेतच मिळतं. ते वेडेवाकडे निरोप स्वतः बनवून प्रोग्रामवर सोडतं. गेथचा कोड सगळ्यांना खुला आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला निरोप वाचणारं एखादं फंक्शन घेऊन त्यावर हे चालवून पाहा. साधा लॅपटॉप पुरतो.